दूरचे घर आणि चौथे शील



प्रत्येक पौर्णिमेला आपण विहारात एकत्र येतो, त्रिशरण घेतो आणि पंचशील ग्रहण करतो. त्यांतील चौथे शील असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे आहे. हे शील उच्चारताना आपल्या मनात येतो तो तोंडी खोटेपणा: शेजाऱ्याला मारलेली थाप, बाजारातील लबाडी, भांडणात घेतलेली खोटी शपथ. पण आजचा माणूस तोंडाने जेवढे बोलतो, जवळजवळ तेवढेच कागदावर बोलतो. शाळेच्या प्रवेशाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे कर्ज, घराची सोडत, या प्रत्येक ठिकाणी तो काहीतरी लिहून देतो आणि खाली सही करतो. ती सही म्हणजे त्याची वाणीच होय. म्हणून चौथे शील विहारात जसे पाळायचे, तसेच तहसील कचेरीच्या बाकावर बसून अर्ज भरतानाही पाळायचे आहे.

आज मी एकाच वाक्याविषयी बोलणार आहे. ते वाक्य असे: “माझ्या अथवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे घर नाही.” घरकुलाच्या अर्जात, सोडतीच्या अर्जात, व्याजाच्या सवलतीच्या अर्जात हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येते. ज्याला खरोखरच घर नाही, त्याला त्यावर सही करताना काही वाटत नाही. ज्याचे घर आहे, पण फार दूर आहे, त्याची खरी परीक्षा होते.

आपले वडपे गाव मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. भिवंडी तालुक्यात एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. नागपूरहून, म्हणजे आपल्या दीक्षाभूमीच्या नगरातून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आणि तो आपल्या दारापाशी येऊन थांबला. रस्ता आला तशी जमिनीची किंमत वाढली आणि घराचीही वाढली. गोदामांत माल चढवणारे, यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, गाडी चालवणारे आपले अनेक बांधव मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येथे आले आहेत. ते भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे गावाकडे दोन खोल्यांचे घर असते. कोणाला तेथे घरकुल मिळालेले असते, कोणी मिळकतीतून भिंती बांधून स्लॅब टाकलेला असतो. येथे अर्ज भरताना ते म्हणतात, “गुरुजी, ते घर चारशे किलोमीटरवर आहे. इथं कोण बघायला येतंय? ‘नाही’ लिहा.”

हाच प्रश्न आता सातासमुद्रापलीकडेही उभा राहिला आहे. आपल्या समाजातील मुले-मुली शिकून परदेशी नोकरीला गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. समजा, आपल्यातील एक जोडपे लंडनमध्ये नोकरी करते आणि तेथे घर घेऊ पाहते. इंग्लंडमध्ये २२ नोव्हेंबर २०१७ पासून पहिले घर घेणाऱ्यास मुद्रांक करात मोठी सूट आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे ३,००,००० पौंडांचे घर राहण्यासाठी घेणाऱ्या पहिल्या खरेदीदाराला हा कर मुळीच पडत नाही. ज्याच्या नावे पूर्वी घर होते व ते त्याने विकले, त्याला त्याच घरावर ५,००० पौंड भरावे लागतात. आपल्या पैशांत ही रक्कम पाच लाख रुपयांहून अधिक होते. त्याचे आधीचे घर अजून त्याच्याच नावे असेल, तर कर याहूनही जास्त पडू शकतो.

पण तेथील कायद्याने “पहिला खरेदीदार” कोणास म्हणावे हे स्पष्ट सांगितले आहे. ज्याच्या मालकीचे जगात कोठेही, कधीही राहते घर नव्हते, तोच पहिला खरेदीदार. घर विकत घेतलेले असो की वारशाने आलेले असो, एकट्याचे असो की सामाईक असो, ते गणले जाते. नवरा-बायको मिळून घर घेत असतील तर दोघेही या अटीत बसले पाहिजेत. आता त्या जोडप्यातील मुलीच्या नावे तिच्या वडिलांनी कल्याणला एक खोलीचा फ्लॅट घेऊन ठेवला असेल, तर ते लंडनचे घर तिच्या आयुष्यातले “पहिले घर” नव्हे. तिला मनातून वाटेल की कल्याणचा उतारा लंडनमध्ये कोण मागणार? सॉलिसिटर विचारील, “आधी कुठे घर होते का?” ‘नाही’ म्हटले की काम झाले!

वडप्याचा हमाल आणि लंडनचा अभियंता यांच्यात कितीतरी अंतर आहे. पण मोह दोघांना एकच होतो. दोघांनाही वाटते की घर दूर असले म्हणजे सत्यही दूर जाते. धम्म सांगतो की घर दूर असेल, पण ‘नाही’ म्हणणारे मन आपल्याजवळच असते.

भगवान बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला केलेला उपदेश येथे आठवतो. राहुल तेव्हा लहान होता. परंपरा सांगते की सात वर्षांचा होता. भगवान त्याला भेटावयास अंबलट्ठिकेस गेले. राहुलाने पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि मुलाला ते दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच उरते, असे ते म्हणाले. मग ते पाणी त्यांनी फेकून दिले, मग भांडे पालथे घातले, मग ते रिकामे भांडे उताणे करून दाखवले. प्रत्येक वेळी अर्थ तोच होता. लहान मुलाला समजावे म्हणून त्यांनी रोजच्या वापरातले भांडे हाती घेतले. पुढे त्यांनी आरशाचे उदाहरण दिले. आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसेच कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, असे तीनदा त्याच्याकडे पाहावे. यातून मला दुःख होईल काय, दुसऱ्याला होईल काय, हे विचारावे. होणार असेल तर ते करू नये. करीत असताना कळले तर थांबावे. करून झाल्यावर कळले तर ते जाणत्या माणसापुढे उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा.

अर्ज भरणाऱ्या माणसाला याहून चांगली पद्धत कोणती? सही करण्यापूर्वी एकदा वाचा. लिहिताना हात अडखळला तर थांबा. नंतर खटकले तर दुरुस्त करा. अडीच हजार वर्षांपूर्वी सात वर्षांच्या मुलाला सांगितलेली गोष्ट आपल्याला कठीण पडू नये.

आता कोणी म्हणेल, “एका ओळीच्या खोट्याने कोणाचे काय बिघडले?” याचे उत्तर नीट समजून घ्या. असा अर्ज करणारा माणूस चौथ्या शीलाबरोबर दुसरे शीलही मोडतो. दुसरे शील जे दिलेले नाही ते न घेण्याचे आहे. घरकुल कोणाला दिले आहे? ज्याला घर नाही त्याला. कर कोणाला माफ केला आहे? ज्याने कधी घर घेतलेच नाही त्याला. घर असलेल्याने ते घेतले, तर जे त्याला कधी दिलेच नव्हते ते त्याने घेतले. त्याने कुलूप फोडले नाही, भिंतीला भोक पाडले नाही. पण न दिलेले घेतले ते घेतलेच. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांत चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची अशा दोन्ही प्रतिज्ञा आहेत. खोट्या अर्जात त्या दोन्ही एका सहीने मोडतात.

आणि ज्याचे घेतले तो कोण असतो? सोडतीत घरे मोजकी असतात. शिरढोण, खोणी, गोठेघर येथे म्हाडाच्या कोकण मंडळाने प्रधानमंत्री आवास योजनेतून घरे बांधली, त्यांसाठीही सोडत निघाली. यादीत एक खोटे नाव वर गेले की खालचे एक खरे नाव प्रतीक्षा यादीत ढकलले जाते. ते नाव आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचे दुःख होत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. माणसे झोपेतच गाडली गेली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. मोडकळीस आलेल्या इमारतीत माणसे हौसेने राहत नाहीत. दुसरीकडे जागा नसते म्हणून राहतात. एक घर खोट्याने अडवले, तर अशा कोणाची तरी सुटकेची वाट आपण अडवलेली असू शकते. करुणेची व्याख्या पाठ म्हणणे सोपे आहे. अर्जातली एक ओळ खरी लिहिणे हीदेखील करुणाच आहे, हे ओळखणे त्याहून मोलाचे आहे.

आपल्याकडे तर या गोष्टीला आणखी एक नाव जोडलेले आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये सुरू केलेल्या घरकुल योजनेला माता रमाईंचे नाव आहे. रमाई आवास योजनेत २६९ चौरस फुटांचे घर धरलेले असते. त्या नावामागचा इतिहास आठवा. परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांच्या कुटुंबाने १९१२ पासून १९३४ पर्यंत वास्तव्य केले. जगातील थोर विद्वानाचा संसार रमाईने चाळीच्या खोल्यांत ओढला. राजगृहात त्या आल्या आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. प्रशस्त घराचे सुख त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. त्यांच्या नावाने मिळणारे घर खोट्या कागदावर घेणे आपल्या मनाला कसे पटावे?

आपल्या समाजाचा कागदाशी असलेला संबंध इतरांसारखा नाही. आपल्या पणजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठला, तेव्हा त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्याने लिहिलेल्या खोट्याखाली आपला अंगठा आला आणि जमीन गेली. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हणून सांगितले त्यात हेही होते, की आपल्या सहीवरचा मजकूर आपल्याला वाचता यावा. आज वाचता येते. मग वाचता येत असूनही दलाल सांगेल तेथे सही केली, तर अंगठ्यात आणि सहीत फरक तो काय राहिला?

याहून मोठी एक गोष्ट आहे, ती नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना ठाऊक असलीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती धर्माशी बांधलेल्या होत्या. १९५६ नंतर जो “बौद्ध” असे लिहील, त्याच्या केंद्राच्या सवलती जात होत्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा मात्र १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना बदलला. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांपुढे कागदावर एक प्रश्न होता. जुनी जात लिहावी तर नोकरी मिळते, बौद्ध लिहावे तर हातची जाते. पोटासाठी ज्यांनी जुने लिहिले, त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्यांनी खरे लिहिले त्यांची आठवण ठेवण्याचे कर्तव्य आपले आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. हा आकडा कोणी भेट दिलेला नाही. शिरगणतीला आलेल्या माणसासमोर एकेका झोपडीतून “बौद्ध” असे खरे सांगितले गेले, त्याचा तो जमाखर्च आहे. ज्या समाजाने खरे लिहिण्यासाठी नोकरी सोडली, त्याच समाजाच्या नातवंडांनी सवलतीसाठी खोटे लिहावे काय?

सबबी पुष्कळ ऐकू येतात. त्यांतील चार नेहमीच्या आहेत.

पहिली सबब: “सगळेच करतात. मोठमोठे लोक कोट्यवधी खातात.” खरे आहे, खातात. पण पंचशील घेताना आपण “इतरांनी पाळले तर मी पाळीन” असे म्हणत नाही. प्रत्येक जण एकवचनात शील घेतो. आणि जो मोठ्यांच्या चोरीविरुद्ध मोर्चात घोषणा देतो, त्याने घरी येऊन त्यांचाच कित्ता गिरवला, तर त्याच्या घोषणेत जोर राहील कसा?

दुसरी सबब: “सरकारचा पैसा कोणाचाच नसतो.” सरकारचा पैसा सर्वांचा असतो, आणि सर्वांत आधी तो ज्याला दुसरा आधार नाही त्याचा असतो. श्रीमंताचे सरकारवाचून अडत नाही. ज्याच्याकडे काही नाही, त्यालाच घरकुल लागते, शिष्यवृत्ती लागते, सरकारी दवाखाना लागतो. सरकारी योजना खोट्याने पोखरली की ती बंद करण्यास निमित्त मिळते, आणि मग खरा गरजू उघड्यावर पडतो.

तिसरी सबब: “मी काही लिहिले नाही, एजंटाने भरले.” तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला कर्म म्हटले आहे. हात एजंटाचा असेल, पण हेतू तुमचा आणि सही तुमची. दुसऱ्याकडून खोटे बोलवणे हेही खोटे बोलणेच आहे. शिवाय प्रकरण उघडकीस आले म्हणजे एजंटाचा फोन लागत नाही. चौकशीची नोटीस तुमच्या नावाने येते. खोटे प्रतिज्ञापत्र हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणेही गुन्हा आहे, आणि त्यापूर्वीच्या कायद्यातही होता. तरीपण मी तुम्हांला तुरुंगाची भीती घालीत नाही. भीतीने पाळलेले शील साहेबाची पाठ फिरताच संपते.

चौथी सबब सर्वांत गोड आहे: “मुलांसाठी करतो.” मुले घरातच असतात, बंधूंनो. घरात काय बोलणे चालले आहे हे ती ऐकतात. मी शिक्षक आहे. मुलाने उत्तर चुकवले तर ते सुधारता येते. पण वडिलांच्या चातुर्यातून तो जे शिकतो, ते कोणत्याही शाळेत पुसता येत नाही. खोट्या कागदावर घेतलेल्या घराबरोबर मुलाला ती युक्तीही वारशात मिळते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सत्य बोलणे म्हणजे उगाच भिऊन स्वतःचा हक्क सोडणे नव्हे. आपल्यातील कित्येक साधी माणसे “गावाकडे वडिलांचे घर आहे” म्हणून अर्जच करीत नाहीत आणि खऱ्या हक्काला मुकतात. बाबासाहेबांनी हक्कासाठी झगडायला शिकवले. म्हणून प्रश्न काय आहे तो अक्षर न अक्षर वाचा. प्रत्येक कागदाचा प्रश्न निराळा असतो.

प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. त्यांच्यापैकी कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, गेल्या वीस वर्षांत केंद्राच्या, राज्याच्या वा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा, अशीही अट आहे. तेव्हा वडील हयात आहेत, घर त्यांच्या नावे आहे, तुमचे लग्न होऊन वेगळा संसार आहे, तर ते घर तुमचे नव्हे. तेथे “नाही” हे उत्तर खरे आहे, निःशंक लिहा. पण वडील वारले, वारस नोंद झाली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तुमचे नाव चढले, तर गोष्ट बदलली. घर बायकोच्या नावे करून “माझ्या नावे नाही” म्हणणे हे शब्दांचे खेळ आहेत, कारण प्रश्न कुटुंबाला विचारलेला आहे.

म्हाडाच्या इतर सोडतींच्या अटी वेगळ्या असतात. त्या त्या सोडतीच्या माहितीपुस्तिकेत त्या छापलेल्या असतात. आयकराच्या ८०ईईए या कलमाखाली १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या गृहकर्जावर व्याजाची दीड लाखांपर्यंत जादा वजावट ठेवली होती. तिची अट अशी होती की कर्ज मंजूर झाल्याच्या दिवशी करदात्याच्या मालकीचे कोणतेही राहते घर नसावे. त्यात “भारतात” हा शब्द नव्हता. म्हणजे दुबईत नोकरी करताना घेतलेला फ्लॅट त्या दिवशी नावावर असेल, तर तोही घरच. आणि इंग्लंडचा प्रश्न सर्वांत रुंद आहे: जगात कोठेही, पूर्वी कधीही.

पाहा, एक कागद विचारतो “आज, भारतात”. दुसरा विचारतो “त्या दिवशी, कोणतेही”. तिसरा विचारतो “कधीही, कोठेही”. सम्यक वाचा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देणे. प्रश्नापेक्षा जास्त भिऊ नये आणि प्रश्नापेक्षा कमी सांगू नये.

घरोघरी पाळता येईल अशी एक रीत मी सुचवतो. घराचा कोणताही अर्ज भरण्यापूर्वी संध्याकाळी वंदना झाल्यावर सारे कुटुंब एकत्र बसावे. कोणाच्या नावे कोठे काय आहे, याची यादी करावी. गावचा नमुना आठ, शहरातील मालमत्ता कराची पावती, परदेशातील कागद असेल तर तोही समोर ठेवावा. मग प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचावे. सासूबाईंना, मुलांना कळेल असे वाचावे. जे वाक्य सर्वांसमोर वाचताना आवाज खाली जातो, तेथे थांबावे. शंका असेल तर कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. परदेशी राहणाऱ्यांनी सॉलिसिटरला आपणहून सांगावे की भारतात माझ्या नावे अमुक घर आहे, यावर कायदा काय म्हणतो ते पाहा. पुष्कळदा माणूस खोटे बोलत नाही, विचारले नाही म्हणून गप्प बसतो. ज्या गप्प बसण्याने दुसऱ्याची चुकीची समजूत होते, ते गप्प बसणेही शीलात बसत नाही.

आणि ज्यांच्या हातून हे आधीच घडले आहे त्यांनी काय करावे? धम्मात यासाठी दार बंद नाही. राजा अजातशत्रूने पित्याचा वध केला होता. तरी तो भगवंतांपुढे येऊन चूक बोलून दाखवतो, तेव्हा चूक ही चूक म्हणून पाहणे, ती नीट करणे आणि पुढे संयम ठेवणे, यालाच भगवान आर्यांच्या विनयातील वाढ म्हणतात. आपली चूक त्यापुढे किती लहान! अर्ज विचाराधीन असेल तर तो मागे घ्यावा किंवा दुरुस्त करावा. व्याजाची सवलत घेतली असेल तर बँकेला लेखी कळवावे. कर कमी भरला असेल तर फरक स्वतःहून भरावा. इंग्लंडमध्येही विवरण दुरुस्त करून राहिलेला कर भरता येतो. पैसा जाईल, थोडा दंडही पडेल. पण दार वाजले की छाती धडधडणे थांबेल.

शेवटी अनाथपिंडिकाची आठवण करून देतो. तो गृहस्थ होता, व्यापारी होता, आपल्यासारखाच घरदार असलेला. भगवंतांनी त्याला गृहस्थाची चार सुखे सांगितली. पहिले, कष्टाने व न्यायाने मिळवलेली संपत्ती आपल्याजवळ असण्याचे सुख. दुसरे, ती उपभोगण्याचे व तिच्यातून दान करण्याचे सुख. तिसरे, कोणाचे ऋण नसल्याचे सुख. चौथे, आपली काया, वाचा आणि मन निर्दोष असल्याचे सुख. पहिली तीन सुखे या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही येत नाहीत, असे त्यांनी सांगितले. लक्षात घ्या, त्यांनी घर नको असे म्हटले नाही. संपत्तीला त्यांनी सुखच म्हटले. पण तिची जागा त्यांनी ठरवून दिली.

आपल्याला घरे हवीत. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले, त्यांच्या मुलांनी वडप्यात, कल्याणात, लंडनमध्ये स्वतःची घरे घ्यावीत, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावावी, याहून आनंदाची गोष्ट कोणती? मात्र त्या प्रतिमेखाली कपाटात ठेवलेला घराचा कागद असा असावा, की तो कोणापुढेही उघडून ठेवता यावा. येत्या पौर्णिमेला चौथे शील घेताना प्रत्येकाने आपल्या सहीची आठवण करावी. ज्यांचे अर्ज भरायचे आहेत त्यांनी ते घेऊन विहारात यावे. आपण ते एकत्र बसून वाचू, हक्काचे असेल तेथे ठामपणे मागू आणि हक्काचे नसेल तेथे सही करणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!